आपल्या कुलवृत्तांतातील कष्टकरी स्त्री

आपल्या मंडळाने समाजातील सर्व घराण्यांचा कुलवृत्तांत सिद्ध करण्याचे कार्य हाती घेतले आहे, ही गोष्ट प्रत्येक ज्ञातिबांधवास अभिमानाची वाटावी अशीच आहे. ज्या समाजास आपले पूर्वज ठाऊक नाहीत त्यास आपली वाटही ठाऊक नसते. त्या कार्यासाठी घरोघर वाटलेला छापील तक्ता आम्हीही भरून दिला. त्यात मूळ गाव, कूळ, देवक, मूळ पुरुष, त्याचे पुत्र, त्या पुत्रांचे पुत्र, प्रत्येकाचे शिक्षण व हुद्दा असे रकाने आहेत. तक्ता चांगला आहे. परंतु तो भरताना आमच्या ध्यानी आले की, ज्या व्यक्तीच्या श्रमावर आमच्या घरातील तीन पिढ्या उभ्या राहिल्या, तिला बसविण्यास त्यात जागा नाही. ती व्यक्ती म्हणजे आमची आजी. ती आयुष्यभर मजुरीस गेली. तिचा हुद्दा काय लिहावयाचा?

हा प्रश्न आमच्या एकट्याच्या घरचा असता तर स्मरणिकेची पाने आम्ही अडविली नसती. आपल्या समाजातील, किंबहुना वर्धा जिल्ह्यातील, बहुसंख्य घरांची हीच स्थिती आहे. म्हणून कष्टकरी स्त्रीचा इतिहास आपल्या जिल्ह्यात कसा घडला, तो कागदांत का सापडत नाही आणि तो मिळविण्यास अद्याप काय करता येईल, याचा थोडा विचार येथे करीत आहोत.

प्रथम कागदांकडे पाहू. जुना पुरावा शोधण्याचे काम आपल्यापैकी बहुतेकांनी केलेले आहे, ते जातीच्या दाखल्यासाठी व जात पडताळणीसाठी. इतर मागासवर्गीयांस १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा लागतो. त्यामुळे मुलामुलींच्या प्रवेशाच्या वेळी कोतवाल बुकाची नक्कल, बंदोबस्ताची मिसल आणि शाळेच्या दाखल-खारीज वहीचा उतारा यांसाठी तहसिलीच्या किती पायऱ्या झिजवाव्या लागतात, ते वाचकांस सांगणे नलगे. त्या निमित्ताने आपण आपला इतिहासच शोधीत असतो. परंतु तो शोध केवळ पितृकुळाचा असतो, कारण पुरावा पित्याच्या बाजूचाच ग्राह्य धरला जातो. पणज्याचे नाव सापडले की आपला जीव भांड्यात पडतो. पणजी कोण होती हे विचारण्याचे प्रयोजन कोणास पडत नाही.

आणि विचारले तरी त्या कागदांत काय मिळणार? कोतवाल बुकात जन्म नोंदला जाई तो 'अमुक यास मुलगा' किंवा 'अमुक यास मुलगी' असा. मृत्यूच्या नोंदीत स्त्री आली तर पुष्कळदा 'अमुकची बायको' म्हणून येई. शेताच्या कागदावर नाव पुरुषाचे. आम्ही प्राथमिक शाळेत शिक्षक होतो. दाखल-खारीज वही आमच्याच हाताखाली असे. तीत पालकाचा धंदा या रकान्यात 'शेती' किंवा 'मजुरी' असे लिहिले जाई, ते पित्याचे. ज्या मुलाचे पुस्तक आणि सदरा आईच्या वेचणीच्या पैशांतून येई, त्या आईचा धंदा लिहावा असा रकानाच त्या वहीत नव्हता. ही कोणा एका माणसाची दुष्टबुद्धी नव्हे. ती रीत होती. परंतु रीतीमुळे झालेले नुकसान नुकसानच असते.

आता जिल्ह्याच्या इतिहासाकडे वळू. वर्धा जिल्हा नागपूर जिल्ह्यातून वेगळा काढण्यात आला तो १८६२ साली. प्रारंभी त्याचे ठाणे पुलगावजवळील कवठा येथे होते. पुढे १८६६ मध्ये पालकवाडी या खेड्याच्या जागी वर्धा शहर वसविण्यात आले. हा काळ लक्षात घेण्याजोगा आहे. १८६१ ते १८६५ या वर्षांत अमेरिकेत यादवी युद्ध चालू होते व तेथील कापूस इंग्लंडच्या गिरण्यांस मिळेनासा झाला होता. मँचेस्टरची दृष्टी तेव्हा वऱ्हाड व वर्धेच्या खोऱ्यावर स्थिर झाली. हिंगणघाटचा कापूस पूर्वीपासून नावाजलेला होता. सरकारने कापसासाठी स्वतंत्र कमिशनर नेमला. रिव्हेट-कार्नॅक हे त्या जागेवरील प्रसिद्ध अधिकारी होत. १८६७ साली आगगाडी नागपुरास पोहोचली, आणि पुढील दशकात वर्ध्याहून हिंगणघाटकडे फाटा गेला. त्यानंतर वीस-पंचवीस वर्षांत हिंगणघाट व पुलगाव येथे सूतगिरण्या उभ्या राहिल्या आणि जिल्हाभर जिन व प्रेस निघाले.

हा इतिहास पुस्तकांत आहे. त्यात कमिशनर आहेत, सावकार आहेत, गिरणीमालक आहेत, आगगाडी आहे. नाही ती एकच गोष्ट : तो कापूस झाडावरून कोणी काढला? कापसाची वेचणी हे आपल्याकडे स्त्रियांचेच काम. पऱ्हाटीच्या प्रत्येक बोंडास कोणा ना कोणा बाईची बोटे लागल्यावाचून तो कापूस मँचेस्टरला तर काय, हिंगणघाटच्या बाजारातही गेला नाही.

या नव्या व्यापाराने स्त्रीचे एक काम वाढविले आणि दुसरे हिरावून घेतले, हेही सांगितले पाहिजे. पूर्वी घरोघर लाकडी हातरेच्यावर सरकी काढीत आणि चरख्यावर सूत कातीत. ही दोन्ही कामे मुख्यत्वे स्त्रियांची होती. कातलेले सूत विणकरास विकून म्हातारी, विधवा, टाकलेली बाई आपले पोट भरी. त्यासाठी तिला घराचा उंबरठा ओलांडावा लागत नसे. विलायती सूत आले, पाठोपाठ गिरणीचे सूत आले, आणि हा धंदा बुडाला. विणकराचे हाल झाले त्याची नोंद थोडीबहुत झाली. कातणारीचे हाल झाले त्याची नोंद फारशी झाली नाही, कारण ते काम 'धंदा' म्हणून कोणी मोजलेच नव्हते. चरखा माळ्यावर गेला, आणि ती बाई शेतात व जिनात मजूर झाली.

शेतातील तिचे वर्ष कसे जाई, हे आजच्या शहरी वाचकांसाठी थोडक्यात सांगतो. मृगाचे पाणी पडले की पेरणीमागे सरकी टोबणे. मग आषाढ-श्रावणात चिखलात वाकून निंदण. भाद्रपदात पुन्हा निंदण. दिवाळीच्या सुमारास पहिली वेचणी निघे आणि फाल्गुनापर्यंत चाले. वेचणीस पहाटेच जावे लागे. उन्हे चढली की बोंडाची वाळलेली पाने चुरतात व कचरा कापसाला चिकटतो. ओटीत कापूस भरता भरता बोटांची नखे व पेरे बोंडांच्या टोकांनी फाटत. मजुरी पूर्वी वेचलेल्या कापसाच्या ठराविक वाट्याने मिळे, पुढे वजनावर रोख मिळू लागली. वेचणी सरली की पऱ्हाट्या उपटून त्यांच्या मोळ्या डोक्यावरून घरी आणावयाच्या, कारण वर्षभराचे सरपण तेच. आणि हे सारे, पहाटे जात्यावर ज्वारी दळून, विहिरीचे पाणी भरून आणि भाकरी बांधून घेऊन निघाल्यानंतरचे! पुरुषाचा दिवस शेतातून परतल्यावर संपे. तिचा चुलीपाशी पुन्हा सुरू होई. तरीही रोजाचा दर तिला पुरुषापेक्षा कमीच असे.

या आयुष्यावर दोन मोठी संकटे आली. १८९६-९७ चा व १८९९-१९०० चा असे दोन दुष्काळ लागोपाठ पडले. मध्यप्रांतात दुसऱ्या दुष्काळाच्या ऐन भरात, म्हणजे १९०० च्या पावसाळ्यात, सरकारी मदतीवर जगणाऱ्यांची संख्या वीस लक्षांहून अधिक झाली होती. १८९१ च्या खानेसुमारीत वर्धा जिल्ह्याची लोकसंख्या चार लक्षांच्या किंचित वर होती. १९०१ मध्ये ती सुमारे ३ लक्ष ८५ हजारांवर आली. दुष्काळी कामावर खडी फोडणाऱ्या व माती वाहणाऱ्यांत स्त्रियांचा भरणा मोठा होता. आपल्या जिल्ह्यातील जुन्या रस्त्यांवरून जाताना त्या खडीची आठवण ठेवावी. दुसरे संकट १९१८ च्या इन्फ्लुएन्झाचे. हिंदुस्थानात त्या साथीने सव्वा कोटीच्या आसपास माणसे गेली असा १९२१ च्या खानेसुमारीचा अंदाज होता. मध्यप्रांतास व वऱ्हाडास तिचा तडाखा विशेष बसला, आणि मेलेल्यांत तरुण स्त्रियांचे प्रमाण मोठे होते. आजाऱ्यांची शुश्रूषा त्यांनीच करावयाची आणि अर्धपोटी राहून करावयाची, मग दुसरे काय होणार? त्या वर्षी जिल्ह्यात किती तरी मुली एका रात्रीत घरच्या कर्त्या झाल्या.

आमची आजी अशाच मुलींपैकी एक. तिची आई १९१८ च्या साथीत गेली तेव्हा ती दहाएक वर्षांची असावी. धाकट्या दोन भावांस तिने वाढविले. पुढे लग्न होऊन ती हिंगणघाटापासून चार कोसांवरील आमच्या गावी आली, आणि पहिल्याच हिवाळ्यात गावच्या इतर बायांबरोबर हिंगणघाटच्या एका जिनात कामास लागली. हंगामाचे चार महिने त्या बाया शहरात एका पडवीत दाटीवाटीने राहात. पावसाळा आला की पुन्हा गावी निंदणास. असा क्रम सुमारे वीस-बावीस वर्षे चालला. ही हकीकत आम्हांस आमच्या थोरल्या आत्येने सांगितली, आणि पुढे आजीस विचारून आम्ही तिची खातरजमा केली.

जिनातील काम म्हणजे काय, हे आता पाहिलेली माणसे थोडी उरली आहेत. लांबलचक आगारात रेच्यांच्या दोन रांगा असत. प्रत्येक रेच्यापाशी एक बाई बसे किंवा उभी राही आणि हातांनी कापूस पुढे सारीत राही. रूळ फिरे, रुई एका अंगास निघे, सरकी खाली गळे. सर्व रेचे एका लांब दांड्यावर पट्ट्यांनी चालत. पदर किंवा केस त्या पट्ट्यात सापडला तर बाईची गत काय होई, ते लिहवत नाही. आत्या सांगे की, आजी पदर कमरेस घट्ट खोचून व डोक्यास फडके बांधूनच जिनात पाय ठेवी, आणि नव्या पोरींस पहिल्या दिवशी तेवढेच शिकवी. हवेत कापसाचा बारीक फुफाटा इतका असे की समोरची बाई धुक्यात दिसावी तशी दिसे. तो फुफाटा तिच्या छातीत बसला तो कायमचाच. उतारवयातील तिचा खोकला आम्ही लहानपणी रात्र-रात्र ऐकला आहे.

या स्त्रियांच्या रक्षणास कायदा कसा आला, ते पाहण्याजोगे आहे. हिंदुस्थानातील पहिला कारखान्यांचा कायदा १८८१ चा. तो मुख्यतः मुलांपुरता होता, आणि वर्षाकाठी चार महिन्यांपेक्षा कमी चालणारे कारखाने त्यातून वगळलेले होते. म्हणजे हंगामी जिन बहुधा सुटला! १८८४ साली मुंबई सरकारने नेमलेल्या कमिशनपुढे खानदेशातील जिनांची जी माहिती आली, तिच्यावरून हंगामात पहाटे पाच ते रात्री दहापर्यंत काम चाले व घाई असली म्हणजे रात्रंदिवसही चाले, असे दिसते. १८९१ च्या कायद्याने स्त्रियांस दिवसास अकरा तासांची मर्यादा घातली. लहान हंगामी कारखान्यांस पुरतेपणी कायद्याखाली आणले ते १९११ मध्ये. १९२२ साली आठवड्यास साठ तासांची मर्यादा आली. मध्यप्रांताचा प्रसूतिसाहाय्याचा कायदा १९३० चा. परंतु अशा कायद्यात ठराविक काळ नोकरी झाल्याची अट असे, आणि चार महिने चालणाऱ्या जिनातील बाई त्या अटीत बसणे कठीण. १९४८ च्या कायद्याने आठवड्याचे ४८ तास ठरविले, पन्नासांहून अधिक स्त्रिया असतील तेथे पाळणाघर बंधनकारक केले, आणि कापूस पिंजून मोकळा करणारे यंत्र ज्या भागात चालते तेथे स्त्रियांस कामास लावण्यास मनाई केली. प्रत्येक कलमामागे कोणाचा तरी हात, कोणाचे तरी मूल गेलेले असते, हे वाचताना विसरू नये.

मुलाची गोष्ट निघाली म्हणून सांगतो. आमच्या थोरल्या आत्येस तान्ह्या वयात जिनात सरकीच्या ढिगाआड निजवीत. ती रडू नये म्हणून तिला अफूची लहानशी गोळी देत. आत्या ही गोष्ट स्वतःच सांगे, आणि त्यात आईस दोष देत नसे. १९३१ साली प्रसिद्ध झालेल्या शाही मजूर कमिशनच्या अहवालातही कामकरी स्त्रिया मुलांस अफू देतात याची नोंद आहे. ज्यांच्यापाशी पाळणाही नव्हता आणि सासूही नव्हती, त्यांनी काय करावयाचे होते? अहवालात ही 'चाल' म्हणून नोंदली गेली. आमच्या घरात ती आत्येच्या नावाने आहे.

आता मुख्य मुद्दा. आमच्या घराण्याची म्हणून जी हकीकत लग्नकार्यांत सांगितली जाते, तिचे मुख्य वाक्य असे : 'आजोबांनी चार एकर वावर घेतले आणि घर वर आले.' वाक्य खोटे नाही. मालगुजारी १९५१ मध्ये गेली, आणि पुढच्याच वर्षी आजोबांनी ते वावर घेतले. खरेदीखतावर नाव त्यांचे आहे. आजोबाही कष्टाळू व निर्व्यसनी होते. त्यांचे श्रेय आम्ही कमी करीत नाही. परंतु ते सालदार होते. सालदाराचे धान्य व रोकड वर्षभराच्या खाण्यास व देण्यास पुरे. मग वावराचे पैसे आले कोठून? आत्येचे उत्तर सरळ होते. जिनातील मजुरीतून आजी दर बाजाराला काही ना काही बाजूस काढी आणि उतरंडीच्या तळच्या मडक्यात टाकी. त्या पैशांतून आधी गळ्यातील सरी व हातातील चांदीचे गोट झाले. ते तिने हौसेसाठी केले नव्हते. चांदी ही तिची पेढी होती. वावराचा सौदा ठरला तेव्हा सरीही गेली, गोटही गेले आणि मडकेही रिते झाले. राहिलेली उणीव आजोबांच्या बैलजोडीने भरून निघाली. त्या वावरावर आमचे वडील शिकले, आणि वडिलांमुळे आम्ही मॅट्रिक होऊन शिक्षक झालो.

म्हणजे आमच्या कुलवृत्तांतातील ज्या वाक्याचा आम्हांस अभिमान आहे, त्या वाक्याचा कर्ता अर्धाच लिहिला गेला आहे. इतिहासात अर्धे सत्य लिहिले की ते हळूहळू पूर्ण असत्य होते. आमच्या पुतण्यांस विचारले तर ते सांगतील, 'आजी घरीच असे, पणजोबा शेती करीत.' दोन पिढ्यांत वीस-बावीस वर्षांचा जिन पुसला गेला!

हे असे का व्हावे? आमच्या मते यास दोन कारणे आहेत. पहिले, वर सांगितल्याप्रमाणे कागदांची रीत. दुसरे कारण अधिक नाजूक आहे, आणि ते आपल्यातच आहे. घर थोडे वर आले की 'आमच्या घरच्या बाया कामास जात नाहीत' हे वाक्य प्रतिष्ठेचे होते. सोयरिकीच्या बैठकीत ते मुद्दाम ऐकविले जाते. एकदा ते वाक्य बोलले की मागील पिढीची मजुरी झाकणे ओघानेच आले. वास्तविक पाहता चोरी झाकावी, लबाडी झाकावी. घाम कशास झाकावा? ज्या स्त्रीने परक्याच्या वावरात निंदून आपले वावर केले, तिच्या नातवांनी तिचे निंदण लपवावे, याहून उफराटा न्याय कोणता?

कोणी म्हणतील, मजुरीस तर सगळ्याच बाया जात. त्यात इतिहास तो काय? यावर आमचे उत्तर असे की, सर्वांनी केले म्हणून ते लहान ठरत नाही. २४ एप्रिल १८९० रोजी मुंबईस रावबहादूर नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने गिरणी-कामगारांची प्रचंड सभा भरली व आठवड्याची सुटी मागण्यात आली. त्या सभेत दोन कामकरी स्त्रियाही बोलल्या. त्याच वर्षी गिरणीमालकांनी रविवारची सुटी मान्य केली. लोखंडे यांचे नाव आज सर्वतोमुखी आहे व ते योग्यच आहे. परंतु त्या दोघींचा उल्लेख बहुधा 'दोन स्त्रिया' इतकाच येतो. आपण रविवारी निजून उठतो तो त्यांच्याही बोलण्यामुळे, पण त्यांच्या नातवंडांस तरी ते ठाऊक असेल काय?

याउलट ज्या समाजाने आपल्या कष्टकरी स्त्रियांची नावे जपली, त्याचे उदाहरणही आपल्या शेजारीच आहे. नागपूरच्या जाईबाई चौधरी यांनी तरुणपणी नागपूर-कामठी रस्त्यावर ओझी वाहिली. पुढे त्या शिकल्या, शिक्षिका झाल्या आणि दलित मुलींसाठी त्यांनी शाळा काढली. ऊर्मिला पवार व मीनाक्षी मून या दोन विदुषींनी गावोगाव हिंडून आंबेडकरी चळवळीतील अशा स्त्रियांच्या मुलाखती घेतल्या आणि 'आम्हीही इतिहास घडवला' हा ग्रंथ १९८९ मध्ये सिद्ध केला. तो झाला नसता तर यांपैकी कित्येक नावे त्यांच्या घरातही उरली नसती. चांगला धडा कोणाकडूनही घ्यावा. आपण तो घेण्यास काय हरकत आहे?

आणखी एक धडा आपल्या वर्ध्याचाच आहे. १९३५ साली वर्ध्यास भरलेल्या बैठकीत चरखा संघाने असा ठराव केला की, सूत कातणाऱ्या स्त्रीस आठ तासांच्या कामाबद्दल निदान पोटापुरते वेतन मिळाले पाहिजे, मग त्यायोगे खादी महाग झाली तरी चालेल. महात्माजींचा त्या बाबतीत फार आग्रह होता. त्यापूर्वी कातणारणीस मिळणारी मजुरी दिवसाकाठी आण्याच्या घरात असे. खादीचा खप घटेल अशी भीती पुष्कळांनी बोलून दाखविली, तरी ठराव झाला. त्यातील तत्त्व असे की, बाईचा तास हा रिकामपणाचा तास नव्हे. त्यास मोल आहे. ज्या जिल्ह्यात हे तत्त्व प्रथम मान्य झाले, त्या जिल्ह्यातील कुलवृत्तांतात तिच्या तासांची मोजदाद नसावी, हे शोभणारे नाही.

आता काय करावे? केवळ दोष दाखवून थांबणे शिक्षकास शोभत नाही; म्हणून मंडळापुढे व कुटुंबप्रमुखांपुढे काही व्यवहार्य सूचना ठेवतो. पहिली, तक्त्यात प्रत्येक पुरुषाच्या नावासमोर त्याच्या मातेचे व पत्नीचे नाव, तिचे माहेरचे गाव व माहेरचे कूळ हे रकाने असावेत. लग्नात नाव बदलण्याची चाल असल्यामुळे तिचे माहेरचे नावही विचारावे. ते बहुधा तिच्या भाचरांसच ठाऊक असते. दुसरी, 'हुद्दा' या शब्दाऐवजी 'काम' हा शब्द घालावा, आणि त्यात वेचणी, निंदण, जिन, गिरणी, विडी, बांधकाम, दाईपण, दळण-कांडण, जे असेल ते निःसंकोच लिहावे. कन्यांची नावेही पुत्रांच्या बरोबरीने यावीत. त्या परक्या घरी गेल्या तरी वंशातून गेल्या नाहीत.

तिसरी सूचना सर्वांत तातडीची आहे. घरात जी वृद्ध माणसे आहेत, विशेषतः आत्या, मावशा व काकवा, त्यांच्यापाशी या सुट्टीतच बसावे. 'तुमच्या आईचे आयुष्य सांगा' असे विचारले तर त्या म्हणतील, 'त्यात काय सांगायचे?' म्हणून लहान प्रश्न विचारावेत. ती कामास कोठे जात असे? किती वाजता निघे? कोणाबरोबर जाई? मूल कोणापाशी ठेवी? मजुरी धान्याने मिळे की पैशाने? पैसा कोण ठेवी? कोणता दागिना केव्हा मोडला, आणि कशासाठी? आमचा अनुभव असा की, या शेवटल्या प्रश्नास प्रत्येक घरात उत्तर आहे, आणि त्या उत्तरात घराचा खरा इतिहास आहे. कोणाच्या शिक्षणासाठी पाटल्या गेल्या, कोणाच्या आजारात पुतळ्या गेल्या, हे बायांस तिथीवारासह आठवते. नातवंडांच्या हाती आज भ्रमणध्वनी आहे. त्यावर आवाज मुद्रित करून ठेवण्यास एक पैसाही लागत नाही.

काळही अनुकूल झाला आहे. महाराष्ट्र शासनाने १ मे २०२४ पासून जन्मलेल्या बालकांच्या नावापुढे प्रथम आईचे व नंतर वडिलांचे नाव लावणे बंधनकारक केले आहे. म्हणजे पुढील पिढीच्या आया कागदांत आपोआप येतील. राहिल्या त्या मागच्या. त्यांना कोणताही शासननिर्णय परत आणणार नाही. ते काम घरच्यांचेच आहे, आणि ज्यांना त्या आठवतात ती माणसे आहेत तोवरच ते होऊ शकते. आमची आत्या गेली त्यास आता बरीच वर्षे झाली. तिने सांगितले तेवढे आम्ही वेळेवर वहीत उतरून घेतले होते, म्हणून हा लेख लिहिता आला. ज्या घरी अशी वही नाही त्या घरी अजून एखादी आत्या असेल.

पुलगावच्या गिरणीचा भोंगा आता वाजत नाही. जुन्या जिनांच्या कित्येक जागांवर आज दुसरी बांधकामे उभी आहेत. वेचणी मात्र आजही आपल्या जिल्ह्यात बायांच्याच हातांनी होते, आणि त्यांपैकी काही हात आपल्याच समाजाचे आहेत. मागच्या पिढीची मजुरी आपण मानाने लिहिली, तर आजच्या मजूर भगिनीसही आपल्या सभेत मानाने बसता येईल. पुढील वर्षीच्या स्मरणिकेत निदान दहा घराण्यांनी आपल्या कष्टकरी स्त्रियांची हकीकत पाठवावी, आणि मंडळाने ती छापावी, इतकी नम्र विनंती करून आम्ही सर्व ज्ञातिबंधू-भगिनींची रजा घेतो.